घरचा इन्व्हर्टर: सोलापूरच्या उन्हात बॅटरी का बसते, आणि रात्री नक्की किती तास चालायला हवी?

जुळे सोलापूरकर
मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला त्या रात्रीचं आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आईला दम्याचा जुना त्रास. आता फुप्फुसं थकलीत म्हणून डॉक्टरांनी रात्री झोपताना ऑक्सिजन लावायला सांगितलाय. घरी पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आहे, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन. त्या रात्री एकच्या सुमाराला वारं सुटलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, म्हणून मी कूस बदलून झोपलो. पंचवीस मिनिटांनी मशीनचा अलार्म वाजला. उठून बघतो तर इन्व्हर्टरच बंद, नुसता लाल दिवा. घरात छोटा सिलिंडर होता, पण तो उघडायची किल्ली सापडेना. अंधारात मोबाईलच्या उजेडात कपाटं उपसली, वीस मिनिटं गेली. तोवर बायकोने आईला उशांना टेकवून बसवलं होतं आणि पुठ्ठ्याने वारा घालत होती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८६ दिसत होतं. आई म्हणत होती, "तू घाबरू नको, मला काही होत नाही."

लाईट पावणेचारला आली.

इन्व्हर्टर चार वर्षांपूर्वीचा आहे, ९०० व्हीए. बॅटरी १५० एएच ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी शिशाची. घेतानाच दुकानदार म्हणाला होता, चार तास आरामात चालेल. आता मला कळेना की नुसती बॅटरी बदलू, की सगळंच नवीन घेऊ, की लिथियमकडे जाऊ. भाऊ म्हणतो छतावर सोलर लाव, कटकट संपेल. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. मला परत ती रात्र नको आहे.

पूर्व भाग
मंगळवार, रात्री ११:४१

आईंना जपा. बाकीचं सकाळी सविस्तर लिहितो, पण एक काम आत्ता उठून करा. सिलिंडरची किल्ली सुतळीने सिलिंडरच्याच मानेला बांधून टाका.

जुळे सोलापूरकर
मंगळवार, रात्री ११:५२

बांधली. धन्यवाद.

साडेबारा व्होल्ट
बुधवार, सकाळी ७:०५

मी वीज खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात. त्या रात्री इन्व्हर्टरवर काय काय चालू होतं? बॅटरी घरात कुठे ठेवली आहे? तिच्यात पाणी शेवटचं कधी घातलं? आणि शक्य असेल तर बॅटरीच्या दुकानातून हायड्रोमीटर आणा, ॲसिडची घनता मोजायला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. किंमत फार नसते. सहाही सेलचं ॲसिड एकेक करून ओढून आकडे लिहा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालूनच करा, कपड्यावर थेंब पडला तर भोक पडतं. अंगावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुळे सोलापूरकर
बुधवार, रात्री ९:३०

काका, सगळं करून आलो.

बॅटरी जिन्याखालच्या कोनाड्यात आहे, मागे पश्चिमेची भिंत. संध्याकाळी सहाला त्या भिंतीला हात लावला तर ठेववेना. कोनाड्याला पुढून प्लायचं दार लावलंय, कारण हॉलमधून दिसायला बरं दिसत नव्हतं. दार उघडलं तर आतली हवा भट्टीसारखी. एका टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी इतकी साचली होती की नट दिसत नव्हता. पाण्याचे सहा तरंगे, त्यातले चार तळाला. पाणी दिवाळीत घातलं होतं. तेही आरओचं.

हायड्रोमीटरचे आकडे: पाच सेल १२१० ते १२२०. प्लसच्या बाजूने दुसरा सेल ११२०.

लोडचं म्हणाल तर मशीन, दोन साधे पंखे, एक ट्यूब, राउटर. आणि आज कळलं की फ्रिजचा प्लगही इन्व्हर्टरच्याच लाईनवर आहे. घर रंगवताना बोर्ड बदलले तेव्हा कुणीतरी तसं जोडलंय.

साडेबारा व्होल्ट
बुधवार, रात्री १०:१५

मग तुमची रात्र कशी घडली ते सगळं या आकड्यांत आहे.

पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत प्रत्येक सेल १२४० च्या आसपास हवा. तुमचा एक सेल ११२० ला आहे, म्हणजे तो गेला. सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक मेला की बाकीच्या पाचांत दम असूनही लोड आल्याबरोबर व्होल्टेज खाली बसतं आणि इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास स्वतःला बंद करून घेतो. पंचवीस मिनिटं त्यामुळेच.

पण बॅटरी नवी कोरी असती तरी चार तास चालली नसती, हे नीट समजून घ्या. मशीनच्या मागच्या पट्टीवर ३५० वॉट असेल. दोन साधे पंखे दीडशे, ट्यूब वीस, राउटर दहा, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना आणखी दीडशे. बेरीज ६८०. तुमचा ९०० व्हीए म्हणजे वॉटमध्ये सातशे-सव्वासातशेच, तो आधीच गळ्यापर्यंत आला होता. इन्व्हर्टरमध्ये साधारण पंधरा टक्के वीज वाया जाते ती धरली तर १२ व्होल्टवर बॅटरीतून ६७ अँपिअर ओढले जात होते.

आता १५० एएच म्हणजे काय? बहुतेक घरगुती बॅटऱ्यांवर तो आकडा सी-२० चा असतो. म्हणजे साडेसात अँपिअर दराने वीस तास ओढलं तर १५०. तुम्ही ६७ ने ओढलंत तर तीच बॅटरी ऐंशी-नव्वदच्या पुढे देत नाही. उसाचा रस घाईत काढला तर चिपाडात राहून जातो, तसं. नवी बॅटरीही दीड तासाच्या आत बसली असती. दुकानदार चार तास म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर दोन पंखे आणि दोन दिवे होते. तेव्हा आईंचं मशीन घरात नव्हतं ना?

जुळे सोलापूरकर
बुधवार, रात्री १०:३२

नव्हतं. मशीन गेल्या वर्षी आलं. इन्व्हर्टरचा विचार कुणी केलाच नाही.

रात्रपाळी
गुरुवार, पहाटे ४:५०

मी नर्स आहे, ड्युटीवरून लिहितेय. दादा, बॅटरी कितीही मोठी घेतलीत तरी सिलिंडर हाच शेवटचा आधार समजा. इन्व्हर्टरचं कार्ड रात्री दोनला जळालं तर कोण दुरुस्त करणार? सिलिंडरवर रेग्युलेटर बसवलेलाच ठेवा, काटा दर आठवड्याला बघा, आणि डॉक्टरांनी सांगितलेला लिटरचा आकडा मार्करने सिलिंडरवर लिहून ठेवा. घाबरलेला माणूस फ्लो वाढवून ठेवतो. फुप्फुसाच्या जुन्या आजारात जास्त ऑक्सिजनही धोक्याचा असतो, म्हणून तो आकडा डॉक्टरांचाच हवा. घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या मुलालासुद्धा, सिलिंडर उघडायला शिकवा. दिवसाढवळ्या दोनदा करून घ्या त्याच्याकडून.

आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस काही नको.

वायरमन अक्कलकोट रोड
गुरुवार, दुपारी १:४०

मालक, मी रोज हेच काम करतो, म्हणून लिहितो. घरात शिरलो की आधी बॅटरी कुठं ठेवलीय ते बघतो. दहातल्या सात घरांत जिन्याखाली, नाहीतर गच्चीच्या खोलीत पत्र्याखाली. पत्र्याखाली तर मे महिन्यात पन्नासच्या वर जातं. बाहेर ४३-४४ असताना बॅटरी तिथं शिजते. मग लोक म्हणतात कंपनी बरोबर नाही. कंपनी कुठलीही घ्या, जागा चुकली की तीन वर्षांत खलास.

उत्तरेची भिंत बघा, फरशीवर लाकडी फळी, त्यावर ट्रॉली. वर-खाली हवा खेळली पाहिजे. चार्ज होताना त्यातनं हायड्रोजन निघतो, तो कोंडून राहिला आणि ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. म्हणून ते प्लायचं दार आधी काढून टाका. देवघराजवळ तर बॅटरी नकोच.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओच्या पाण्यातही क्षार राहतात. ॲसिड कधीच वरनं घालायचं नाही, उडून जातं ते पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात महिन्याला बघा, बाकी दोन-तीन महिन्यांनी चालतं. टर्मिनलची भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, झाकणं घट्ट लावून. मग पुसून, नट कसून, व्हॅसलिनचा हात फिरवायचा. नट ढिला असला की तिथं गरम होतं आणि वायर जळते. मी जळालेल्या पाहिल्यात.

साडेबारा व्होल्ट
गुरुवार, दुपारी २:२०

वायरमन दादा म्हणतात त्याला ढोबळ नियमही आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घराच्या आतही ३५ सहज असतं. म्हणून म्हणतो, दोन-तीन हजार जास्त देऊन वरची बॅटरी घेण्यापेक्षा तेवढ्यात कोनाडा बदलून घेतलेला जास्त उपयोगी पडतो.

पूर्व भाग
गुरुवार, रात्री ८:१०

आमचं घर आणि कारखाना एकाच वाड्यात, खाली माग, वर आम्ही. माग थ्री फेजवर, ते इन्व्हर्टरवर चालत नाहीत, चालवायचा विचारही करू नये. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि अशी शांतता होते की झोपलेलं लेकरू उठतं. परत सुरू करताना थांबल्या जागी चादरीत आडवी रेघ दिसते, ती कारागिराला हाताने सांभाळून घ्यावी लागते. त्याला नीट उजेड हवा. तेवढ्यासाठी खाली सहा एलईडी ट्यूब आणि दोन पंखे बॅटरीवर ठेवलेत.

आमची पहिली बॅटरी मागाशेजारीच होती. कापसाची बारीक धूळ झाकणांच्या भोकांवर बसून गादीसारखी झाली होती. हवा जायला जागाच नाही. बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली. आता वर व्हरांड्यात ठेवलीय, खालपर्यंत जाड वायर ओढली इन्व्हर्टरच्या आउटपुटची. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर मात्र हातभरच ठेवलं, ते लांबवायचं नसतं असं कळलं.

वायरमन अक्कलकोट रोड
गुरुवार, रात्री ८:२५

बरोबर केलंत अण्णा. १२ व्होल्टच्या बाजूला करंट मोठा असतो, वायर लांबली की व्होल्टेज पडतं आणि वायर तापते. २३० ची बाजू लांब नेली तरी चालते.

हौदवाली
शुक्रवार, सकाळी १०:००

मला वेगळाच प्रश्न आहे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. नेमकं पाण्याच्या दिवशी लाईट गेली तर हौद भरतो पण वरची टाकी रिकामी राहते. एक एचपीची मोटर आहे. ती इन्व्हर्टरवर चालवता येईल का? सासूबाईंचे गुडघे गेलेत, हौदातून बादल्या काढणं मलाच एकटीला पडतं.

साडेबारा व्होल्ट
शुक्रवार, सकाळी १०:४०

ताई, चालवता येईल, पण त्यासाठी फार मोठा इन्व्हर्टर लागेल. एक एचपी म्हणजे साडेसातशे वॉट मोटरच्या दांड्यावर, विजेच्या बाजूने हजारच्या आसपास. सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोड होऊन बंद पडतो. पाच दिवसांतून एकदा अर्धा तास चालणाऱ्या मोटरसाठी तेवढा खर्च करू नका. वरची टाकी मोठी करा, ५०० ची असेल तर १,००० ची, आणि हौदात पाणी आहे तोवर दर दिवसाआड वर चढवत राहा, रिकामी होईपर्यंत थांबू नका. वर चढवून ठेवलेलं पाणी ही साठवलेली वीजच आहे आणि तिला उन्हाने काही होत नाही.

हौदवाली
शुक्रवार, सकाळी ११:०२

हे पटलं. आम्ही टाकी पूर्ण संपल्यावरच मोटर लावायचो. शेजारच्यांकडे जनरेटर आहे, ते म्हणत होते दोन्ही बाजूंनी पिन असलेली वायर करून तुमच्या सॉकेटमध्ये देतो, अख्खं घर चालेल.

वायरमन अक्कलकोट रोड
शुक्रवार, सकाळी ११:०९

ताई, तसं अजिबात करू देऊ नका. हात जोडून सांगतो.

ती वायर सॉकेटला लावली की वीज उलटी तुमच्या मेनमधनं खांबावर जाते. डीपीतनं, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधनं, उलटी चढली तर पुढं हजारो व्होल्ट होतात. वर लाईनमन काम करत असतो, त्याला वाटतं लाईन बंद आहे. माझ्या ओळखीतला एक पोरगा असाच गेला, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आणि वायरची दुसरी पिन हातात उघडी असते ते वेगळंच. जनरेटर घ्यायचा असेल तर मेनजवळ चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाते. लहान काम आहे.

हौदवाली
शुक्रवार, सकाळी ११:१५

नाही करत दादा. शेजाऱ्यांनाही सांगते.

छतावरचं ऊन
शुक्रवार, रात्री ९:४५

मूळ प्रश्नातल्या सोलरबद्दल लिहितो, कारण माझीही तीच समजूत होती. मी ३ किलोवॉट बसवलं, पीएम सूर्यघर योजनेत. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही योजना, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान खात्यात जमा होतं. बिल जवळपास संपलं, त्याबद्दल समाधानी आहे. पण बसवल्यावर पंधरा दिवसांनी भर दुपारी बारा वाजता लाईट गेली आणि घर बंद! वर लख्ख ऊन, पॅनेल तापलेले, आणि आत पंखा फिरत नाही. मी तक्रार करायला निघालो होतो.

मग कळलं, ऑन-ग्रिड सिस्टिम अशीच असते. बाहेरची लाईन गेली की सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो. कारण वरच वायरमन दादांनी लिहिलंय तेच, खांबावरच्या माणसाच्या अंगात वीज जाऊ नये. लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मिळतं, बॅटरीवर नाही. बिलासाठी सोलर जरूर लावा. पण आईंच्या रात्रीसाठी आधी बॅटरीचंच बघा.

नवीपेठी
शुक्रवार, रात्री १०:२०

इथे फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प. एवढी वीज आपल्या जिल्ह्यात तयार होते, मग आपल्याच गल्लीत लाईट का जाते?

साडेबारा व्होल्ट
शुक्रवार, रात्री १०:५०

ती वीज उच्चदाबाच्या ग्रिडमध्ये जाते, तिथून सगळीकडे वाटली जाते. आपल्या गल्लीत लाईट जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. वाऱ्यात लिंबाची फांदी तारेवर येते, उन्हाळ्यात सगळ्या घरांचे एसी-कूलर एकदम लागतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, जुन्या केबलचा जोड जळतो. वळवाच्या दिवसांत हे तिन्ही एकत्र येतं. तुमचा मोबाईल नंबर महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला जोडलेला ठेवा, ठरवून बंद ठेवणार असतील तर मेसेज येतो. अचानक गेली तर टोल फ्री १९१२.

कुंभारीचं घर
शनिवार, दुपारी १२:३०

आम्ही कुंभारीच्या रे नगर वसाहतीत राहतो. १९ जानेवारी २०२४ ला १५,००० घरांचा ताबा मिळाला त्यातलंच आमचं. आई विड्या वळते. एक खोली, स्वयंपाकघर. एवढा मोठा इन्व्हर्टर आम्हाला झेपणार नाही. आईला विड्या वळताना एक पंखा आणि एक दिवा चालू राहिला तरी पुरे. काय करावं?

साडेबारा व्होल्ट
शनिवार, दुपारी १:१०

तुम्हाला इन्व्हर्टर नकोच. आत बॅटरी असलेले एलईडी बल्ब मिळतात, साध्या होल्डरला लागतात, लाईट गेली की आपोआप पेटलेले राहतात. तसाच चार्जिंगचा टेबल पंखा मिळतो, घेताना पूर्ण वेगात किती तास चालतो ते खोक्यावर बघा, मंद वेगाचा आकडा धरू नका. नंतर कधी इन्व्हर्टर घ्यायची वेळ आली तर आधी छताचा पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा करा. साधा पंखा ७५ वॉट खातो, तो तिशीत भागवतो. रोजच्या बिलातही फरक पडतो.

कुंभारीचं घर
शनिवार, दुपारी १:२२

हे जमेल. आभारी आहे काका.

जुळे सोलापूरकर
शनिवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रिज काढला, प्लायचं दार काढलं. आता शेवटचा प्रश्न, ट्युब्युलर की लिथियम?

साडेबारा व्होल्ट
शनिवार, रात्री ९:५०

तुमचा हिशेब आता असा: मशीन ३५०, दोन बीएलडीसी पंखे ६०, ट्यूब २०, राउटर १०. एकूण ४४०. चार तास हवेत. २४ व्होल्टची सिस्टिम घ्या, म्हणजे बॅटरीतून बावीस अँपिअरच जातील.

१५० एएचच्या दोन ट्युब्युलर घेतल्या तर नव्या असताना पाच तास मिळतील. तिसऱ्या वर्षी चार धरा. दोन्ही एकाच वेळी, एकाच बॅचच्या घ्यायच्या, एक जुनी एक नवी जोडली तर जुनी नवीला घेऊन बसते. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, २५.६ व्होल्ट १०० एएच घेतली तर साडेचार तासांच्या आसपास. ट्युब्युलर रोज निम्म्याच्या खाली नेली तर लवकर जाते, लिथियम ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी चालते. पाणी नाही, वायू नाही, वजन कमी. आणि भरते लवकर. दुपारी तीन तास लाईट गेली, संध्याकाळी आली, रात्री परत गेली, अशा दिवशी ट्युब्युलर अर्धवटच भरलेली असते. तिला पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात.

पण जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडू नका. ट्युब्युलरला अधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन ढवळून काढावं लागतं, तेच लिथियमला गेलं तर तिचं आतलं संरक्षक सर्किट, बीएमएस, तोडून टाकतं. इन्व्हर्टरवर लिथियमची वेगळी सेटिंग हवी. साइन वेव्हच घ्या, म्हणजे लाईनच्या विजेसारखीच वीज देणारा, स्क्वेअर वेव्हवर मशीनचा कॉम्प्रेसर घुमतो आणि तापतो. ऊन लिथियमलाही सोडत नाही. बहुतेकांच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंश असते. तो कोनाडा तिलाही चालणार नाही.

पूर्व भाग
शनिवार, रात्री १०:१५

माझं मत थोडं वेगळं. ट्युब्युलरला काही झालं तर साखर पेठेत, अशोक चौकात, कुठेही माणूस सापडतो. मोडीत दिली तरी शिशाचे पैसे येतात. लिथियमचं बीएमएस बिघडलं तर बॅटरी पाठवून द्यावी लागते, पंधरा दिवस घर उघडं. मी कारखान्यासाठी ट्युब्युलरच ठेवली आणि परत तीच घेईन. पण आईंच्या खोलीजवळ ठेवायची असेल तर वायू नको, ॲसिड नको, हेही खरं. तिथे मीही लिथियम घेतली असती.

रात्रपाळी
रविवार, सकाळी ६:२०

तिथे लिथियमच. सिलिंडर मात्र राहू द्या.

वायरमन अक्कलकोट रोड
रविवार, सकाळी ९:००

बसवताना तीन गोष्टी करून घ्या मालक. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल वेगळा ओढायला सांगा, दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा मेनजवळचा स्विच, सारखी पडते आणि मग कुणीतरी ती काढूनच टाकतं. आर्थिंग तपासा. आणि मागच्या स्विचला यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन असतात, साध्यावर ठेवा. आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. यूपीएस मोडला १८०च्या खाली चालत नाही, मग लाईट असूनसुद्धा तो बॅटरीवर जातो आणि रात्री लाईट गेली की बॅटरी रिकामी. कॉम्प्युटर असेल तरच यूपीएस मोड.

जुळे सोलापूरकर
आठ दिवसांनी, सोमवार, रात्री १०:४०

बसवून झालं, म्हणून लिहितोय.

२४ व्होल्टचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १०० एएच लिथियम. जागा स्वयंपाकघर आणि आईच्या खोलीच्या मधल्या बोळात, उत्तरेची भिंत, जमिनीपासून वीतभर वर. जुनी बॅटरी दुकानात परत दिली. उचलताना दोघांना धाप लागली. वायरमनने न्यूट्रल वेगळा ओढला, आर्थिंगच्या खड्ड्यात आधी तार तुटलेलीच निघाली, ती नवीन केली.

काल, रविवारी दुपारी साडेबाराला मी स्वतः मेन बंद केला. दिवसा आईला मशीन लागत नाही, म्हणून नळी नुसती मोकळी ठेवून मशीन पूर्ण फ्लोवर चालवलं. दोन्ही पंखे, ट्यूब, राउटर चालू. दर अर्ध्या तासाने वहीत आकडा लिहिला. बाहेर मोबाईल ४३ दाखवत होता, बोळात टांगलेला थर्मामीटर ३७. पाच वाजून दोन मिनिटांनी बंद पडलं. चार तास बत्तीस मिनिटं. मग मुलाने सिलिंडर उघडून दाखवला. सातवीत आहे. तिसऱ्या खेपेला त्याला दीड मिनिट लागलं.

साडेबारा व्होल्ट
सोमवार, रात्री १०:५५

फार चांगलं केलंत. अशीच चाचणी दर सहा महिन्यांनी करा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर, आणि ती वही जपा. वेळ चार तासांच्या खाली आला की पुढचा उन्हाळा यायच्या आत हालचाल करा.

वायरमन अक्कलकोट रोड
सोमवार, रात्री ११:०४

बोर्डाशेजारी कागद लावा मालक. लाईट गेल्यावर काय चालू ठेवायचं, काय नाही. तुम्ही घरी नसलात तर पाहुणे मिक्सर लावतात.

जुळे सोलापूरकर
सोमवार, रात्री ११:३०

लावला. मी बारीक अक्षरात लिहिला होता, आईने परत लिहायला लावला. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे म्हणाली. आता स्केचपेनने लिहिलंय: मशीन, पंखा, ट्यूब. फ्रिज नको, मिक्सर नको, इस्त्री नको. मशीन थांबलं तर सिलिंडर, किल्ली त्यालाच बांधली आहे, फ्लो २.